रियाधमधल्या मॅनर हाउसचं धुराडं

इब्राहिमभाईंनी टेप माझ्या हातात दिली. "साहेब, तुम्हीच मोजा. जाडे कॉलम या अंगाला, नि मोठा बीम त्या अंगाला. मी बोललो तर मीच खोटा ठरायचा."

आम्ही रियाधच्या उत्तरेला एका साइटवर, छतासाठी बांधलेल्या सळ्यांवर उभे होतो. इब्राहिमभाई दापोलीकडचे, तिथले फोरमन. मी नाशिकचा, कन्सल्टंटच्या ऑफिसात स्ट्रक्चरल इंजिनियर. दुसऱ्या दिवशी सकाळी काँक्रीट पडणार होतं. मोजायची गरजच नव्हती. घरातलं सगळ्यात जड धुराडं पश्चिमेला उभं राहणार होतं आणि त्याला पेलणारा बीम पूर्वेला बांधून तयार होता. वरून विटा चढल्या असत्या, तर खाली बसलेल्या पाहुण्यांचं काय झालं असतं, ते मला गणित न करताही दिसत होतं.

माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "नवाफ".

सौदीकरणाची ती वर्षं होती. प्रत्येक ऑफिसात ठरावीक संख्येने सौदी माणसं हवीतच, हा नियम दिवसेंदिवस कडक होत होता. त्यात नवाफ आमच्याकडे आला आणि माझ्या शेजारच्या टेबलावर बसला. हुशार होता, वेळेवर यायचा, प्रश्न विचारायचा. आळशी असता तर मी निर्धास्त झोपलो असतो. आम्हा बाहेरच्या लोकांत एक अलिखित रिवाज होता. नव्या सौदी माणसाला चहा द्यायचा, मान द्यायचा, पण चालू फाइल द्यायची नाही. तो शिकला की आपण खलास.

त्याच सुमारास एच.आर.ने माझ्याकडून माझ्या कामाचं सविस्तर वर्णन लिहून मागितलं. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, संपत आला होता आणि नूतनीकरणाचं कोणी नाव काढत नव्हतं. नवाफ अधूनमधून माझ्या टेबलावरच्या ड्रॉइंगचे मोबाइलवर फोटो काढताना दिसायचा. मनात पाल चुकचुकली ती चुकचुकतच राहिली. माझी मुलगी पुण्यात इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती पास होईपर्यंत मला तिथे टिकायचं होतं. बाकी कशाशी मला देणंघेणं नव्हतं.

आता घराविषयी. आमचे क्लायंट अबू फैसल तरुणपणी इंग्लंडात शिकलेले. तिथल्या एका खेड्यात त्यांनी जुनं मॅनर हाउस पाहिलं होतं, म्हणजे जमीनदाराचं कित्येक शतकांपूर्वीचं घर. तसंच त्यांना रियाधमध्ये हवं होतं. या घरांची गंमत अशी की वरून पाहिलं तर ती इंग्रजी 'ई' अक्षरासारखी असतात. दोन टोकांना दोन बाहू, मधे पोर्च, डावं-उजवं अगदी सारखं. आत मात्र तसं नाही. पोर्चमधून शिरलं की आडवा बोळ लागतो. एका बाजूला पाहुण्यांचा मोठा हॉल, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघर आणि घरच्यांचा वावर. अबू फैसल खूश होऊन म्हणाले, "पाहुणे आणि घर वेगळं ठेवायची अक्कल इंग्रजांनाही होती." हॉलची त्यांनी मजलिस केली, पुरुष पाहुण्यांची बैठक. हिवाळ्यात शेकोटीभोवती बसून कॉफी प्यायची म्हणून मजलिसवरचं धुराडं खरं, विटांचं, जड. घराच्या दुसऱ्या बाजूचं नुसतं शोभेचं, पोकळ.

आधीच्या आराखड्यात मजलिस पूर्वेला होती. ती रिव्हिजन बी. मग अबू फैसलच्या घरच्यांनी हरकत घेतली. पाहुणे त्यांच्या बागेवरून जाणार होते. म्हणून अख्खा प्लॅन आरशात धरल्यासारखा उलटा केला आणि मजलिस पश्चिमेला, रस्त्याच्या बाजूला गेली. ती रिव्हिजन सी. बाहेरून घर होतं तसंच दिसत होतं, कॉलमही त्याच जागांवर, फक्त जाडी बदललेली. ड्रॉइंग उलटलंय हे सांगितल्याशिवाय कळणार नाही.

नवाफ छताचं ड्रॉइंग करत होता, रिव्हिजन बीवरून. मला विचारायला आला, "मुहंदिस सुहास, हेच लेटेस्ट ना?" तिकडे इंजिनियरला मुहंदिस म्हणतात. रिव्हिजन सी माझ्या मशीनमध्ये होती; कॉलमचं ड्रॉइंग मी तिच्यावरूनच साइटला दिलं होतं.

मी म्हणालो, "हो, हेच."

त्याने सराव करावा, खरं ड्रॉइंग मी करीन, असा माझा हिशोब होता. मग आईच्या ऑपरेशनसाठी मला घाईने नाशिकला यावं लागलं. तीन आठवडे लागले. तेवढ्यात साइटला ड्रॉइंग हवं होतं आणि बॉसने मला न कळवता नवाफचं पाठवून दिलं.

चूक मुळात माझीच, हे ठाऊक असूनही सळ्यांवर उभं राहून मी मनात त्यालाच शिव्या घालत होतो. तेवढ्यात इब्राहिमभाई म्हणाले, "काल नवाफसाहेबांचा फोन आलेला. बोलले, सुहाससाहेब रजेवरून आलेत, त्यांना वर ने नि दाखव. ऑफिसात कुणाला काय बोलू नको."

चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, सापळा आहे. चूक मलाच शोधायला लावायची आणि माझ्याच गळ्यात बांधायची.

काँक्रीट थांबवायला सांगून मी तडक ऑफिस गाठलं. नवाफ एकटाच होता. त्याच्या टेबलावर रिव्हिजन सीच्या फोटोंचे प्रिंट पसरलेले होते.

"हे माझ्या टेबलावरून घेतलेस?"

"हो. तुम्ही परवा आलात तेव्हा प्रिंट काढलेलं हे ड्रॉइंग उघडं पडलं होतं. मला तुम्ही दिलं नव्हतं."

"बॉसला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्हाला एक्झिट मिळाली असती, थेट घरी." तो अगदी शांतपणे बोलत होता. "मग उरलेलं मला शिकवलं कोणी असतं? यूट्यूबने?"

मला लाज वाटली, ती आजही वाटते. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी कुणाला चुकीचा बीम दिला नव्हता, आणि दिला तो जाणूनबुजून.

बॉस जॉर्डनचे, तापट. मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो आणि जे घडलं ते सांगितलं, "हो, हेच" या दोन शब्दांसकट.

"लपवलंत?"

"लपवलं."

"आणि हा मुलगा बोलला नाही?"

"नाही."

मला वॉर्निंग लेटर मिळालं. सळ्या सोडून पश्चिमेला नव्याने बांधल्या, काँक्रीट नऊ दिवस उशिरा पडलं. इकामा वाढला, पण एकाच वर्षासाठी, आणि एका अटीवर: माझ्याकडचं सगळं नवाफला द्यायचं. मी दिलं. वर्षाअखेरीस तो माझ्या खुर्चीवर बसला आणि मी नाशिकला परतलो. मुलीच्या शेवटच्या वर्षासाठी मी गंगापूर रोडवर एका बिल्डरकडे नोकरी धरली.

म्हणजे माझा संशय खरा ठरला. त्याने माझी जागा घेतलीच. फक्त त्यासाठी त्याला मला पाडावं लागलं नाही, आणि पाडायची संधी मीच त्याच्या हातात दिली होती तेव्हाही त्याने ती घेतली नाही.

नव्या माणसाला काम शिकवायचं नसेल तर शिकवू नका. पण जुनं ड्रॉइंग देऊ नका.