बावखलात सुटलेला हात

नंदाखाल गावातल्या आमच्या वाडीत मुलं पोहायला शिकायची ती बावखलात. बावखल म्हणजे केळी-नारळींना पाणी पुरवणारं तळं, वरून हिरवं आणि आत खोल. दोन असोले, सालासकटचे सुके नारळ दोरीने जोडून मुलाच्या पोटाखाली बांधायचे आणि मोठ्या माणसाने त्याला हाताला धरून मध्यावर न्यायचं.

आमच्या घरात मात्र एवढ्यावर भागत नसे. माझ्या वडिलांना त्यांच्या वडिलांनी असंच मध्यावर नेलं आणि नारळ ओढून घेतले. वडील ही गोष्ट जेवताना हसत सांगायचे, पण सांगताना घास हातातच राहायचा. मग माझी वेळ आली, तेव्हा त्यांनीही तेच केलं. पाण्याखालून मला त्यांचा हलणारा चेहरा दिसत होता. कसाबसा काठाला लागलो, तर म्हणाले, "मेलास का? नाही ना?"

माझी मुलगी कधी असं पाणी पिणार नाही, हे मी तिच्या जन्माआधीच ठरवलं होतं. आम्ही आता बोळिंजला राहतो. कॉम्प्लेक्समध्ये स्विमिंग पूल आहे, शिकवणारा आहे. तरी या उन्हाळ्यात मी तिला वाडीत घेऊन गेलो. खरं सांगायचं तर मुलाला कसं शिकवतात ते मला वडिलांना दाखवायचं होतं. ते काठावर बसले होते.

"पप्पा, सोडणार नाही ना?"

"अगं वेडे, मी आहे ना."

मध्यावर गेल्यावर ती गळ्याला बिलगली. रडायला लागली, नखं रुतवायला लागली. काठावरून वडील बघत होते. मला लाज वाटली, मग चीड आली. त्यानंतर मी काही ठरवल्याचं आठवत नाही. नारळ माझ्या हातात होते आणि ती पाण्याखाली होती. ती खोकत वर आली, तेव्हा मी म्हणत होतो, "मेलीस का? नाही ना?"

वडील कपड्यांसकट पाण्यात उतरले आणि तिला उचलून घेतलं.

"अक्कल आहे का तुला? एवढीशी पोर! असं कुणी सोडतं?"

"तुम्हीच मला सोडलं होतं, दादा."

"मी? काहीतरीच बोलतोस. माझा बाप होता तसा. मी तुला कधी बोटसुद्धा लावलं नाही."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. इतकी वर्षं मी त्यांच्या तोंडून एक शब्द ऐकायची वाट पाहत होतो. ज्याला आठवतच नाही, तो माफीचा शब्द कुठून आणणार? उद्या मीही मुलीला असंच सांगेन का, की असं काही झालंच नव्हतं?

घरी येताना मी तिची माफी मागितली. "ठीक आहे, पप्पा," ती घाईघाईने म्हणाली. मी पुन्हा चिडू नये म्हणून म्हणाली. तो आवाज मी ओळखतो. लहानपणी तो माझा होता.

पुढच्या रविवारी ती आपणहून वाडीत यायला निघाली. बावखलाशी पोचल्यावर तिने आजोबांचा हात धरला.

"पप्पा, तुम्ही वरच बसा."

मी वर बसलो. वडील तिच्या पोटाखाली तळहात धरून काठाजवळच्या पाण्यातून सावकाश चालत होते आणि तिच्याशी काहीतरी बोलत होते. असं धरता येतं त्यांना, हे मला माहीत नव्हतं.