भिंतीला टेकून चढवलेला बीपी

हसायचं तर खुशाल हसा, पण माझा हा पराक्रम आठवला की आजही सुनीताच्या, म्हणजे आमच्या सौ.च्या, नजरेला नजर देववत नाही.

सातपूरला आमच्या कारखान्यात दरवर्षी कामगारांची आरोग्य तपासणी असते. यंदा सुपरवायझर व्हायची संधी होती आणि माझा बीपी जरा वरच! मोबाइलवर व्हिडिओ बघितला. भिंतीला पाठ टेकायची, खाली खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं दोन मिनिटं बसायचं. बीपी उतरतो! पुढचं कोण ऐकतंय? केला बंद.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीबाहेर उभा होतो. म्हटलं, ताजा ताजा उतरवूनच आत जाऊ! टेकलो भिंतीला. मांड्या लटलटायला लागल्या, तसे दात आवळले, श्वास कोंडला. तेवढ्यात नाव पुकारलं. गेलो तसाच.

दंडाला पट्टा बांधला. आकडा बघून नर्सबाई ओरडल्याच, "डॉक्टर!"

"छातीत दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

मला दम लागलेला. कशीबशी मान हलवली. नाही म्हणायचं होतं हो! त्यांना दिसलं 'हो'.

झालं! मला आडवं केलं, छातीला वायरी लावल्या. बाहेर माझ्या मित्राने, खैरनारने, सुनीताला फोन लावला, "वहिनी, असाल तशा निघा!"

ती चांदवडला, भाचीच्या साखरपुड्यात. ही भाची दोन वर्षं आमच्याकडे राहून शिकलेली, लेकीसारखी. अंगठ्या घालायच्या होत्या अजून. सुनीता भरल्या मांडवातून उठली.

पैठणीत, रडून डोळे सुजलेली अशी ती पोचली, तोवर माझा ईसीजी चांगला आला होता, बीपी उतरला होता आणि मी सगळं कबूल केलं होतं.

"अहो, तो व्यायाम नियमाने काही आठवडे करायचा असतो," डॉक्टर म्हणाले. "करताना बीपी वाढतोच! त्यात तुम्ही श्वास कोंडलात."

सुनीता मोबाइल बघत बसली. त्यावर साखरपुड्याचे फोटो येत होते. सगळे होते त्यात. हीच नव्हती.

"अगं, ओरड तरी माझ्यावर!"

"घरी चला," एवढंच म्हणाली.

तिचा चेहरा बघून नर्सबाई म्हणाल्या, "ताई, तुमचाही बघू या." बघितला. चांगलाच वाढलेला!

डॉक्टरांनी काळजीने विचारलं, "ताई, काही टेन्शन वगैरे आहे का?"

सुनीताने माझ्याकडे बोट दाखवलं.

डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "यावर माझ्याकडे गोळी नाही."