वस्ताद का हमाल

मंडळी, आज दसऱ्याले राळेगावच्या आखाड्यात माह्या मनातली आग थंड झाली.

मागच्या दसऱ्याले सकाळी मी दगडी गोटा उचलला अन् दुपारी लाठी खेळायले उतरलो. खांदे आखडलेले. दुसऱ्या आखाड्याच्या गुलाबरावनं मले हरवलं अन् माह्याच चेल्यांसमोर म्हणाला, "हा कायचा वस्ताद? हा तं हमाल हाये!"

वर्षभर ते शब्द टोचत राह्यले. मी गोटा सोडला नाही, पण या खेपेले दसरा जवळ आला तसा त्याले हात लावणं बंद केलं. चेल्यांसंगं फक्त लाठी फिरवली.

आज पहिल्याच फटक्यात गुलाबरावची लाठी उडाली.

"उचला," मी म्हणालो. "सारे पाहून राह्यले."

तो वाकला. मंग हात मिळवायले पुढं आला. मी पाठ फिरवली.

तुमी मिळवला असता काय?