गच्चीवरचं कडं

आम्ही तिघं एकत्र बसलो की चहा निवायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "ते कडं आठवतंय काय रे?" झालं! एक किस्सा सांगावा तर त्याच्यामागे दुसरा नंबर लावून उभाच.

तिघं म्हणजे मी, बाळ्या परब आणि गायकवाड. लालबागच्या एकाच चाळीतले. मी चिंचपोकळीला रेडिओ दुरुस्त करायचो, बाळ्या गिरणीत वायरमन, गायकवाड पोस्टात. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. रोज मोर्चे, सभा, लाठ्या. संध्याकाळी सगळी चाळ बातम्यांना कान लावून बसायची. पण समोर गिरणी! मुंबई कोणाला मिळणार हे सांगायची वेळ आली, की तिच्या मोटरींमुळे रेडिओत नेमकं "खर्रर्र"!

अशात एका भंगारवाल्याकडे मला लढाईच्या काळातला एरियल सापडला. अॅल्युमिनियमच्या नळीचं छातीएवढं कडं, नळीच्या आत तारा. ते फिरवून आवाज कुठल्या दिशेने येतोय ते शोधायचं. म्हटलं, एका दिशेचा आवाज पकडतं, तर दुसऱ्या दिशेची खरखर गाळेलही.

"याचं माहितीचं पुस्तक आहे का?" मी विचारलं.

"किताब?" तो म्हणाला. "उस में तो लोग भजिया खा गए!"

* * *

कडं खांद्यावर घालून मी आणि बाळ्या निघालो. नाक्यावर एका आजोबांनी चप्पल काढून हात जोडले. त्यांना वाटलं, गणपतीच्या मागची प्रभावळ!

"यंदा मूर्ती केवढी?"

बाळ्याला खोटं बोलवेना. "आजोबा, मूर्ती नाय. ह्याच्यातून बातम्या येणार."

आजोबा गंभीर झाले. "मग नीट न्या रे! देव थांबेल, बातमी थांबायची नाही!"

* * *

पुस्तक नाही म्हटल्यावर गायकवाडकडे धाव. तो लढाईत पलटणीत होता आणि हे कडं त्याने पाहिलेलं होतं! बघताक्षणी ताठ उभा राहिला. "हेच! आमच्या तंबूत होतं!"

आम्ही वही उघडली. "ऑपरेटर काय करायचा?"

"एका हाताने खालचं चाक फिरवायचा."

लिहून घेतलं. "आणि दुसऱ्या हातात?"

"चहा."

"चहा?"

"मीच न्यायचो ना! मी पलटणीच्या भटारखान्यात होतो!"

* * *

पुढे नळीचं झाकण. गंजून घट्ट. बाळ्याने पाना लावला, हातोडी मारली, शिव्या दिल्या, ढिम्म! शेवटी त्याची आई खोबरेलाची बाटली घेऊन आली. "सर बाजूक, बगूया!" तेल सोडलं, तासभर वाट पाहिली आणि पदराने धरून झाकण फिरवलं. उघडलं!

आत तारांचा हा गुंता. बाळ्या ओढायला गेला तर हातावर चापट. "येणी काय नि वायर काय, वढलंस तर तुटतली!" मांडी घालून बसली आणि एकेक तार सोडवून दिली. अकरा तारा, एकही तुटली नाही.

बाळ्या म्हणाला, "आये, गिरणीत ये माझ्या जागेवर."

"येतंय. तू भाकऱ्यो थाप!"

* * *

कडं गच्चीवर चढलं, शेजारी स्टुलावर रेडिओ. आम्ही कड्याचं तोंड बरोब्बर रेडिओ स्टेशनकडे केलं. चिडीचूप! आठ दिवस इकडून तिकडून जोडण्या बदलल्या, तरी चिडीचूप. मला तर रडूच यायला लागलं होतं.

नवव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू ओली साडी घेऊन वर आल्या. दोरीवर जागा नाही, म्हणून साडीचं एक टोक कड्याला बांधलं आणि खस्सकन ताणलं. कडं गर्रकन फिरलं, तोंडाऐवजी त्याची कड स्टेशनकडे आली, आणि रेडिओतून खणखणीत तबला! म्हणजे हे तोंडाने नाही, कडेने ऐकायचं!

काकू घाबरून साडी सोडायला लागल्या. आम्ही तिघं एकदम ओरडलो, "काकू, साडी सोडू नका!"

सगळी चाळ धावत वर आली. त्यानंतर काकूंनी आमच्याशी महिनाभर अबोला धरला.

* * *

आणि तो दिवस. दिल्लीहून मुंबईचा निकाल कळणार होता. गच्चीवर पाय ठेवायला जागा नाही. पण कड्याच्या तळाचा स्क्रू झिजलेला, वारा आला की कडं फिरायचं आणि खर्रर्र!

तेवढ्यात जिन्यात बुटांचे आवाज. फौजदार साहेब आणि एक हवालदार! कोणीतरी कळवलं होतं म्हणे, की चाळीवरून गुप्त संदेश जातात.

"साहेब, हा फक्त ऐकतो हो, बोलत नाही!" मी हात जोडले.

"ते चौकीत बघू. हवालदार, उचला ते!"

 गायकवाडने मूठ आवळलेली मी पाहिली. हवालदाराने दोन्ही हातांनी कडं धरलं, जरासं फिरवलं, आणि खरखर एकदम बंद! स्वच्छ आवाज आला, "...मुंबईसह महाराष्ट्राचं..."

हवालदार जागच्या जागी थिजला. श्वाससुद्धा घेईना.

"अरे, बघतोस काय? सोडव ते आणि चल!" साहेब ओरडले.

हवालदाराची मान हलली नाही. डोळे तेवढे साहेबांकडे वळले.

"साहेब, सोडलं तर मुंबई जाईल!"

साहेबांनी एकदा आमच्याकडे पाहिलं. टोपी काढून बगलेत धरली. मग पुढे झाले आणि कड्याची दुसरी बाजू त्यांनी धरली.