सरांसाठी नेलेली केळी

बायांनो, आज जळगावला नातीची एमएसडब्ल्यूच्या प्रवेशाची मुलाखत होती. मी इतकी खूश, की चोपड्याहून सोबत गेले, घरची केळीही घेतली. रिकाम्या हातानं जायची सवयच नाही आपल्याला.

मुलाखत घेणाऱ्या सरांपुढे केळी ठेवली. म्हटलं, "आमनी पोर शे भाऊ, ध्यान ठेवा."

सर हसून म्हणाले, "अक्का, ही घेतली तर तिचं नाव खोडावं लागेल."

बाकीच्या पोरी बघत होत्या. नातीनं मान खाली घातली.

संध्याकाळी यादीत तिचं नाव लागलं. पण एसटीत ती म्हणाली, "आजी, आता सगळ्या म्हणतील, केळी देऊन नंबर लावला."

तिच्या मेहनतीला मीच डाग लावला. तो कसा पुसू, सांगा ना.