समुद्रवीर अण्णांचा बोर्ड

शिरोलीत फाउंड्री असलेले गडमुडशिंगीचे वीरभद्रअण्णा २००६ साली बायकोला घेऊन भूमध्य समुद्रावर गेले. त्यांच्या इटलीतल्या गिऱ्हाइकानं दोघांना आपल्या शिडाच्या होडीतून किनाऱ्याकिनाऱ्यानं आठ दिवस फिरायला बोलावलं होतं. "रंकाळ्यात पवायला शिकलोय मी, समुद्राचं काय सांगतायसा?" असं गावाला सुनावून अण्णा होडीत चढले, आणि बंदर मागं पडायच्या आत बादलीत तोंड घालून बसले. आठ दिवसांत त्यांनी इटली पाहिली ती बादलीच्या बुडाशी. होडीचं चाक धरलं ते त्यांच्या बायकोनं, मल्लव्वांनी. माहेरी ट्रॅक्टर चालवलेली बाई. गिऱ्हाइकानं एकदा दाखवलं, तेवढं पुरलं.

गावी परतल्यावर मात्र समुद्र अण्णांनीच मारला. रोज लाटा वीतभर उंच होत गेल्या, वादळंही दोन वाढली. एवढा पराक्रम म्हटल्यावर चौकात फ्लेक्सचा डिजिटल बोर्ड लागणारच. त्याशिवाय कोल्हापुरात कुणी काही केलंय असं धरतच नाहीत. पण अण्णांचा होडीतला फोटो एकच होता, बादलीसकट. मग बोर्डवाल्यानं चाक धरलेल्या मल्लव्वांच्या फोटोवर अण्णांचं फेट्यातलं मुंडकं चिकटवलं आणि साडीवर कोट चढवला.

बोर्ड लागला. 'समुद्रवीर' अण्णा चाक धरून उभे, अन् दोन्ही मनगटांत हिरव्यागार बांगड्या.

अण्णा बोर्डवाल्यावर खेकसले, "आधी त्या बांगड्या पूस!"

मल्लव्वा शेजारीच उभ्या होत्या. म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की. बोर्डावर तेवढंच खरं हाय."