सफरचंदवाला मामा

माझ्या धाकट्या भावाला आयुष्यात एकच गोष्ट मनापासून पटली, आणि ती ॲल्युमिनियमची होती.

त्याआधी त्याला बरंच काही अर्धवट पटून झालं होतं. शोभेच्या माशांचं दुकान काढलं, तर गिऱ्हाइकानं मासा दाखवला की हा म्हणायचा, "हा नको, हा जरा हळवा आहे." विमा विकायला गेला, तर पहिल्याच गृहस्थानं विमा कसा निरर्थक असतो हे त्याला समजावून सांगितलं, आणि हा त्यांचे आभार मानून घरी आला. एका वाद्यवृंदात गिटार वाजवायचा. तिथून त्याला कुणी काढलं नाही, फक्त कार्यक्रम कुठे आहे ते सांगायचं बंद केलं. दुकान बुडालं (मासे मजेत होते, दुकान बुडालं) तेव्हा मीच नवऱ्याच्या मागे लागून त्याला आमच्या फोटो स्टुडिओत चिकटवलं. हळूहळू तो भागीदारही झाला. आई गेल्यापासून त्याची काळजी माझ्याकडे आहे. काळजी करायला मला तसं निमित्त लागत नाही, पण भावानं कधी कमीही पडू दिलं नाही.

मग एका गिऱ्हाइकानं गाव सोडताना आपला जुना मॅक, ॲपलचा तो ॲल्युमिनियमचा लॅपटॉप, विकायला काढला, तो यानं घेतला, आणि माणूस बदलला. काळे शर्ट घालू लागला. नखं कापू लागला. तो लॅपटॉप चष्म्याच्या फडक्यानं पुसायचा आणि चष्मा शर्टाला. खोक्यात सफरचंदाचे दोन पांढरे स्टिकर होते. एक त्यानं स्कूटरला लावला, आणि पुढे स्कूटर विकली तेव्हा त्याला स्कूटरचं नाही, स्टिकरचं वाईट वाटलं. दुसरा त्यानं जपून ठेवला. मी एकदा माझ्या डब्याला मागितला, तर म्हणाला, "ताई, ती डब्याला लावायची गोष्ट नाही." जणू मी कुंकवासारखं पवित्र काही पोळीच्या डब्यावर फासणार होते.

नवरा विंडोजवाला. म्हणजे त्याची तशी काही श्रद्धा नाही, त्याला फक्त आत हात घालता आला पाहिजे. त्याच्या टेबलावरच्या काळ्या कॉम्प्युटरची एका बाजूची पत्र्याची फळी कायमची काढलेली, आतल्या वायरी बाहेर लोंबणाऱ्या, आणि त्यावर एक टेबलफॅन रोखलेला. उन्हाळ्यात आम्ही घामाघूम आणि तो मात्र वाऱ्यात. स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर, मधे पांढऱ्या पडद्यासमोर गिऱ्हाइकाचं स्टूल, मागे या दोघांची टेबलं, एकमेकांकडे पाठ करून. फोटो सुधारायचं काम भाऊ मॅकवर करतो आणि छपाई नवऱ्याच्या कॉम्प्युटरवरून होते. सगळ्या भांडणांचं मूळ इथेच.

भाऊ फोटो सुधारतो म्हणजे माणूस सुधारतो. एकदा पासपोर्टच्या फोटोत एका आजोबांच्या गालावरची मस त्यानं काढून टाकली. कार्यालयानं फोटो परत पाठवला. आजोबा काउंटरवर येऊन म्हणाले, "ही मस माझ्या वडिलांनाही होती. तुम्हाला काय त्रास होता तिचा?" भाऊ म्हणाला, "आजोबा, तिच्याशिवाय तुम्ही किती मोकळे दिसताय बघा." नवऱ्यानं फुकटात नवा फोटो काढून दिला आणि त्या दिवसापासून भावाचं नाव कलाकार पडलं. "तुझा तो कलाकार," असं तो मला म्हणतो. दात न उघडता म्हणतो.

तरी तेव्हा निदान बोलणं होतं. ते थांबलं कोटावरून. एका लग्नाचा अल्बम छापून आला आणि नवरदेवाचा मरून कोट सबंध अल्बमभर चॉकलेटी. नवरदेवाची आई अल्बम घेऊन दारात उभी. "असला कोट आम्ही घेतलाच नव्हता! हा आहे कोण?"

"माझ्या स्क्रीनवर मरून आहे," भाऊ म्हणाला.

"माझ्या स्क्रीनवर चॉकलेटी आहे आणि छापून चॉकलेटीच आलाय," नवरा म्हणाला.

"मग तुमची स्क्रीन खोटं बोलते, दाजी."

खरं तर दोन्ही स्क्रीनचे रंग एकमेकांशी जुळवून घ्यायला हवे होते, ते कुणीच केलं नव्हतं. दुपारभराचं काम. पण दोघांपैकी कुणीही पहिलं उठेना. नवरा म्हणाला, "ज्याचं चुकलंय त्यानं जुळवावं." भाऊ म्हणाला, "बरोबर आहे, त्यांनी जुळवावं." त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. हाताच्या अंतरावर पाठीला पाठ लावून बसायचे आणि माझ्यामार्फत बोलायचे. "ताई, दाजींना सांग, तो दिवा पुढे घ्या." "अगं, कलाकाराला सांग, दिवा आहे तिथेच बरा आहे." मी नसले की हे काम स्टुलावरच्या गिऱ्हाइकाकडे जायचं. ओळखपत्रासाठी फोटो काढायला आलेली माणसं हनुवटी वर धरून मान न हलवता निरोप पोचवायची. एका बाईंनी फोटो घेऊन जाताना मला विचारलं, "हे दोघं सख्खे भाऊ का?" इतकं वैर फक्त सख्ख्यांतच असतं, असा त्यांचा अनुभव असणार.

अशात आमच्या लेकीला पूल बांधायच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला, दूरच्या शहरात. मला आधी तिच्या जेवणाची काळजी लागली, मग झोपेची, मग पुलांची. हिनं बांधलेला पूल उद्या हलला तर? लेक म्हणाली, "आई, आधी मला शिकू तर दे, मग पाडू." तिला लॅपटॉप लागणार होता. आणि तिथून आमच्या घराची फाळणी सुरू झाली.

कारण दोघांचीही एका गोष्टीवर खात्री होती, त्यावर त्यांचं एकमत होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं एवढंच. पोरगी वर्ष-दोन वर्षं पूल खेळेल, कंटाळेल आणि परत येऊन स्टुडिओत बसेल. "पूल काय, बांधून संपतात," नवरा म्हणायचा, "लग्नं संपत नाहीत." प्रश्न एवढाच, की ती येऊन कुणाच्या टेबलाशी बसणार. आज मॅक घेतला तर मामाच्या. विंडोज घेतला तर बापाच्या. म्हणजे ही लॅपटॉपची खरेदी नव्हतीच, पोरीची वाटणी होती. आणि जो हरेल तो त्या खोलीत पाठ करून तरी किती दिवस बसेल, या विचारानं माझा जीव टांगणीला लागला. स्टुडिओ फुटला तर नवऱ्याचं कसंही निभेल. भाऊ मात्र पुन्हा माशांकडे जाईल.

रात्री जेवायला भाऊ मुद्दाम यायला लागला.

"ताई, दाजींना सांग, मॅक आयुष्यभराची सोबत आहे. झाकण उघडलं की समोर हजर. पोट कधी उघडायला लागत नाही."

"कलाकाराला सांग, जे उघडताच येत नाही त्याला यंत्र म्हणत नाहीत, तिजोरी म्हणतात. अन् तिजोरी बिघडली की चोर बोलवावा लागतो."

"दाजींना विचार, ते फ्रिजमध्ये पण हात घालून बसतात का?"

"हो, बसतो! मागच्या उन्हाळ्यात कुणी दुरुस्त केला फ्रिज?"

"आणि त्यानंतर दूध कुणाचं गोठलं?"

मी वाढता वाढता विचारलं, "बिछान्यावर ठेवला तर पेट घेतो का गं यातला कुठला?" लेकीनं पोळीचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "आई, आमच्या विभागानं कळवलंय की—" तेवढ्यात मामानं सांगितलं की बॅटरी या विषयावर त्याला दोन शब्द बोलायचेत. ते दोन शब्द भात होईपर्यंत चालले. लेकीचं वाक्य राहिलं ते राहिलंच.

दुकानात आम्ही चौघंही गेलो. मॅकचं टेबल काचेशी, उजेडात, दोन दोन हात अंतर सोडून मांडलेलं. बाकीचे लॅपटॉप मागच्या फळ्यांवर, खांद्याला खांदा लावून. भाऊ टेबलाशी जाऊन उभा राहिला आणि एकेक झाकण बोटानं अलगद उचलू लागला, झोपलेल्या बाळांची पांघरुणं बघावीत तसा. नवरा मागे जाऊन लॅपटॉप पालथे घालायला लागला.

"सर, काय शोधताय?" विक्रेतीनं घाबरून विचारलं.

"स्क्रू."

एका जाड काळ्या लॅपटॉपच्या पोटाला त्याला साधेसुधे स्क्रू सापडले, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये कुठेही नाही.

लेक त्या विक्रेतीकडे गेली, फोनवर काहीतरी दाखवून दोन प्रश्न विचारले, आणि म्हणाली, "हा काळा द्या."

"बघ!" नवरा म्हणाला. कुणालाच उद्देशून नाही, दुकानाला.

"अगं पण का?" भावाचा हात अजून मॅकवर होता.

"मामा, पुलाचं जे सॉफ्टवेअर आम्हाला वापरायचंय ते विंडोजवरच चालतं. विभागानं तसं आधीच सांगितलंय. मी रोज जेवताना सांगत होते. तुम्ही भांडत होतात."

भावानं हातातलं झाकण हळूच मिटलं, "बरं," म्हणाला आणि दुकानाबाहेर गेला. आम्ही बाहेर आलो तर तो नव्हता. त्या रात्री जेवायला आला नाही. मी दोनदा जास्तीची पोळी लाटली आणि दोन्ही मीच खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं आगीत तेल ओतलं. काउंटरमागची मोडकी खुर्ची काढली, तिचा पाय बसवला, फडकं मारलं आणि आपल्या टेबलाशेजारी आणून ठेवली. "तिची," मला म्हणाला. आवाज मात्र खोलीभर पोचेल एवढा. भाऊ स्क्रीनवर एका नवरीच्या डोळ्याखालची काळी वर्तुळं पुसत होता. पुसता पुसता म्हणाला, "ताई, दाजींना सांग, महिनाअखेरीस मी निघतो. मला दुसरीकडे बोलावलंय."

"कुठे?" मी विचारलं.

"आहे एका ठिकाणी."

त्याला कुठेही बोलावलं नव्हतं. त्याला वाद्यवृंदानंही बोलावलं नसतं. पण नवऱ्यानं मान वर केली नाही, आणि भावानं मागे वळून बघितलं नाही. मी काउंटरवर पावती फाडली ती चुकीच्या माणसाला दिली.

लेकीला फोन करून मी रडले. फार नाही, कळेल एवढं. ती अर्ध्या तासात स्टुडिओत आली, सरळ आत जाऊन गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली, आणि दोन्ही दिवे स्वतःवर चालू केले.

"दोघंही वळा इकडे."

दोघांनी खुर्च्या फिरवल्या. कोटानंतर पहिल्यांदाच त्यांची तोंडं एका दिशेला झाली.

"ती खुर्ची माझी नाही," ती म्हणाली. "मी पूल शिकायला जातेय आणि पूलच बांधणार आहे. इथे येईन ती तुम्हाला भेटायला. बसायला नाही."

"दोन वर्षांनी बघू," नवरा म्हणाला.

"बाबा, नाही बघायचं. ठरलंय."

"म्हणजे," भाऊ हळूच म्हणाला, "तू दाजींच्या बाजूला गेली नाहीस?"

"मामा, मी लॅपटॉप घेतलाय. पक्ष बदललेला नाही."

दिव्यांचा उजेड तिच्या तोंडावर होता. दोघं बघत राहिले. दोघांचाही तो धंदाच, माणसाच्या तोंडाकडे बघायचा. ती थट्टा करत नाहीये हे दोघांनाही एकाच वेळी दिसलं असावं. नवऱ्यानं टेबलफॅन बंद केला, उगाचच. भावानं खिशातून चष्म्याचं फडकं काढलं आणि या वेळी चष्माच पुसला. मलाही तेव्हाच पुरतं कळलं, की पोरगी चालली. इतके दिवस मी स्टुडिओची काळजी करत होते, कारण ती काळजी त्यातल्या त्यात लहान होती.

निघायच्या दिवशी घरात सामानाचा डोंगर. मी तिच्या बॅगेत तिसरी शाल कोंबत होते आणि ती बाहेर काढत होती. गाडी खाली येऊन उभी होती. तेवढ्यात भाऊ आला. न बोलता टेबलावरचा काळा लॅपटॉप ओढला, फडक्यानं झाकण पुसलं, पाकिटातून तो जपलेला स्टिकर काढला, श्वास रोखून, जीभ दातांत धरून, त्या जाड्या विंडोजच्या पाठीवर लावला. अंगठ्यानं कडा दाबल्या. विंडोजच्या लॅपटॉपवर सफरचंद. शेळीला घोड्याचं खोगीर घातल्यासारखं दिसत होतं.

"मामा!" लेक म्हणाली.

"तिकडे सगळे एकसारखेच काळे असतील," भाऊ म्हणाला. "तुझा कुठला ते कळायला नको?"

नवरा दारात बॅग धरून उभा होता. त्यानं बॅग खाली ठेवली, टेबलाशी आला, चष्मा वर करून बघितलं.

"वाकडा लावलास," तो म्हणाला. मला नाही. भावाला.

भावानं मान तिरकी करून स्टिकर बघितला. मग म्हणाला, "माझ्या बाजूनं सरळ आहे, दाजी."

"तुझ्या बाजूनं तो कोटही मरून होता."

"मरूनच होता!"

"चॉकलेटी होता रे! आंधळा आहेस का?"

"तुमच्या त्या उघड्या पोटाच्या डब्यावर सूर्यसुद्धा चॉकलेटी दिसेल!"

"मग बस उद्या सकाळी माझ्याशेजारी! तो मॅक घेऊन ये आणि बस! दोन्हीवर एकच फोटो उघडू, मग कळेल कोण आंधळा ते!"

"येतो! कुठे बसू?"

"खुर्ची आहे ना तिथे रिकामी! रंगांबरोबर खुर्चीही दिसत नाही?"

खालून हॉर्न वाजला. दोघांना ऐकू गेला नाही. लेकीनं लॅपटॉप त्यांच्यामधून हळूच काढून घेतला आणि पिशवीत घातला, तरी ते टेबलाच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून भांडतच होते. "ताई, दाजींना सांग" नाही, "अगं, कलाकाराला सांग" नाही. मी मधे नव्हतेच.

"चल आई," लेक म्हणाली, "यांचं चालू दे." आम्ही दोघींनी एकेक बॅग उचलली आणि जिना उतरायला लागलो. निम्म्यात मी थांबून तिसरी शाल पिशवीत घातली, लॅपटॉपच्या वर, सफरचंदाला ओरखडा नको म्हणून.